पाण्यात पाहणं

भूगोलाच्या सरांनी जुन्या बाजारातून पाणबुड्याचं घड्याळ आणलं, तेही साध्या चपलांच्या भावात. आकडे पिवळट पडलेले, कडेची फिरती रिंग झिजलेली, पण पाठीवर झोकात कोरलेलं होतं, दोनशे मीटर खोल पाण्यात चालेल. जन्मात कधी कमरेच्या वर पाण्यात न उतरलेले सर ते वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवू लागले.

घड्याळाला मात्र पाण्याचा थेंब लागू देतील तर शपथ! आंघोळीच्या वेळी ते कपाटात जायचं आणि हात धुताना पँटच्या खिशात.

"अहो, पाण्यातलंच घड्याळ ना ते?" बायको विचारायची.

"जुनं आहे गं. जपायला नको?"

"जुनी तर मीही झालेय. माझे हात दिवसभर पाण्यातच असतात."

रविवारी सकाळी घड्याळ दिसेना. सरांनी कपाट पालथं घातलं, गाद्या उलटसुलट केल्या आणि शेवटी त्यांचा पारा चढला.

"तूच लपवलंस! पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतेस त्याला!"

बाथरूममधून मघापासून खट् खट् आवाज येत होता, तिकडे बायकोचे कान लागले होते. तिथे वॉशिंग मशीनमध्ये सरांची कालची पँट गरगरत होती. तिने सरांना हाताला धरून तिथे नेलं आणि मशीनच्या गोल काचेवर बोट टेकवलं.



"या, आता तुम्हीही पाहा त्याला पाण्यात."