दुपारी तीनची टिकटिक

रिटायर झाल्यावर ह्यांनी हॅम रेडिओच्या परवान्यासाठी अभ्यास केला, परीक्षा पास झाले आणि माळ्यावरच्या खोलीत बिनतारी संदेशांचं यंत्र मांडून बसले. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण रोज दुपारी तीनच्या ठोक्याला आतून दार लावून टिकटिक सुरू झाली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तोंडानं बोलता येतं ना त्यावर? मग ही टिकटिक कशाला?"

"मोर्स कोड आहे तो. त्यातच खरी मजा."

"आणि पलीकडे कोण असतं?"

"आहे एक ओळखीचं."

ओळखीचं! ना ओळखीचा, ना ओळखीची.

मी ह्यांचं परीक्षेचं पुस्तक गुपचूप उचललं आणि पिठाच्या डब्यामागे लपवलं. ह्यांनी ते शोधलंसुद्धा नाही, तेव्हा तर संशय आणखीच बळावला. तीन महिने ओट्यावर चमचा आपटत मी त्यातलं मोर्सचं एकेक अक्षर पाठ केलं. तरी दाराला कान लावला की दोन अक्षरं हाती लागायची आणि बाकीची भुर्रकन निघून जायची. हल्ली मात्र बरीच कळायला लागली होती. म्हटलं, झाला माझा कान तयार. आता बघते ह्यांच्याकडे.

काल कागद-पेन्सिल घेऊन दाराबाहेर बसले आणि पहिल्यांदाच ह्यांचा अख्खा निरोप कागदावर उतरला.

"हळू पाठवतोय, सांभाळून घ्या. दाराबाहेर बायको लिहून घेतेय. नवीन आहे."