दांडीचा सांधा

"बाबा, पुन्हा सुटला."

लेकीने वाद्य उचलून दाखवलं. दांडी जिथे खोक्याला जोडतात, तिथे नखभर फट पडली होती. बापाने चष्मा वर केला, खाली केला, फटीत नख घालून पाहिलं.

"हवा दमट आहे," तो म्हणाला. "सरस नीट धरत नाही. पुन्हा लाव."

हवा कसली दमट! खिडकीतल्या उन्हात लाकडाचा भुसा नुसता तरंगत होता. तरी लेकीने सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवलं आणि सांधा साफ करायला घेतला. भोवतीचं लाकूड खरखरीत झालं होतं, तेही तिने मुकाट्याने पॉलिश पेपरने घासलं.

मूळची गिटार बापाने लग्न झाल्या झाल्या बायकोसाठी केली होती, स्वतःच्या हाताने. बायको गेली आणि गिटार माळ्यावर पडून तडकली. बापाचे हात आता थरथरतात, पटाशी धरवत नाही. लेक माहेरी आली ती थोड्या दिवसांसाठी, आणि विषय तिनेच काढला. आईची गिटार अशी वाया जायला नको, तिच्याच लाकडातून नवं वाद्य करते, तेवढं झालं की जाते. लहानपणापासून बापाच्या हाताखाली शिकलेली. तिला काही सांगावं लागत नव्हतं.

"सहा तारांचंच कर की," बाप म्हणाला होता.

"चारच. छोटं खोकं, आखूड दांडी. चार तारांना तीन बोटं पुरतात."

"आळशी झालीस, ठके."

ठकी हे तिचं लाडाचं नाव. ती हसली. डाव्या हाताची करंगळी गाडीच्या दारात सापडली होती म्हणे, ती वाकडीच बसली. पहिल्यापासूनच धांदरट पोरगी.

जावयाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. "बाबा, झालं का आमच्या बाईसाहेबांचं? घाई नाही हो. फक्त घर खायला उठतं."

आवाजात नुसती साखर. बापाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मध्ये एकदा येऊन बिचारा गोंदाची बाटलीसुद्धा देऊन गेला होता. "एकदा चिकटलं की जन्मात सुटायचं नाव नाही," म्हणाला. लेकीने ती बाटली सील न फोडताच सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"आपल्याकडे सरसच," ती म्हणाली.

बापाला बरं वाटलं. ही त्याचीच शिकवण. सांधा असा जोडावा की पुढेमागे दुरुस्तीला खोलायचा झाला, तर ऊब आणि ओलावा देऊन खोलता यावा.

आणि खोलत होता तोच.

लेक सामान आणायला बाहेर पडली, की बाप सांध्यावर ओला रुमाल ठेवायचा आणि वरून कपड्यांची इस्त्री टेकवायचा. सरस मऊ पडायचा, दांडी हलायची. थरथरत्या हातांनाही एवढं जमत होतं. मग रुमाल वाळत टाकायचा, इस्त्री जागेवर ठेवायची आणि पेपर उघडून बसायचं, जसं काही झालंच नाही.

ती गेली की या दोन खोल्यांत तो आणि घड्याळ. दुसरं कोण? जेवायला बसताना भिंतीशी बोलायचं का? पण लाजही वाटायची. पोटच्या पोरीला कडी घालून कोंडावं, तसं आपण करतोय. तिचं घर आहे, वाट बघणारा नवरा आहे.

त्या संध्याकाळी जावई फोनवर म्हणाला, "उद्या सकाळी गाडी घेऊन येतोच, बाबा. तोवर होईल ना?"

"होईल," बाप म्हणाला. "माझा शब्द."

लेक उठून मोरीत गेली. बराच वेळ हात धूत राहिली.

"सरस लागलाय," ती आतूनच म्हणाली.

मग तिने सांधा पुन्हा जोडला आणि शिकंजा आवळला. आता सकाळी शिकंजा काढायचा, तारा चढवायच्या, की झालं. पॉलिश ती तिकडे जाऊन करणार होती. बापाने इस्त्री उचलली आणि सरळ कपाटात, चादरींच्या मागे ठेवून दिली. पुन्हा मोह नको. बास झाला स्वार्थ. जाऊ दे लेकराला सुखाने. अंथरुणावर पडल्यावर त्याला रडू आलं, पण बरंही वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला शांत झोप लागली.

सकाळी उठला तेव्हा लेकीची बॅग दाराशी भरून तयार होती. लेक कामाच्या टेबलापाशी उभी होती. अंगावर कालचाच लांब बाह्यांचा ड्रेस, चुरगळलेला.

"बाबा," ती म्हणाली, "पुन्हा सुटला."

बापाने फटीकडे पाहिलं. नखभरच. भोवतीचं लाकूड ओलसर होतं.

"अगं, पण मी तर..." तो बोलता बोलता थांबला.

"हवा दमट आहे," लेक म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. बापाने वरच्या फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं. सील तसंच होतं. मग तो कपाटाशी गेला, चादरी बाजूला केल्या आणि इस्त्रीला हात लावला.

इस्त्री कोमट होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, तशी लेकीने वाकडी करंगळी मुठीत दडवली.

बापाने जाऊन दाराला आतून कडी घातली.