काचेवरची अक्षरं

नवनाथनं टोमॅटोचे क्रेट दोरीनं करकचून आवळले आणि मग तोडणीला आलेल्या सहा बायकांना घाटाखालच्या गावी सोडायला पिकपमध्ये वर घेतलं. माल दबायला नको, म्हणून त्या मागच्या कठड्यावर बसल्या. सुमनच्या मांडीवर तर दोन वर्षांची पोर होती.

नवनाथची आई, ठकूबाई, वावरातून तरातरा आली. "टोमॅटोला दोरी बांधलीस, आणि बायकांना काय रं? घाटात गचका बसला तर एकेक खाली सांडंल!"

"आये, सगळेच नेतात. आजवर काय झालंय का?" त्यानं हसत पुढच्या काचेकडं बोट दाखवलं. "तुझा आशीर्वाद हाय की गाडीवर!"

काचेवर लाल रेडियमची अक्षरं होती, 'आईचा आशीर्वाद'. दुसरीतून शाळा सुटलेल्या ठकूबाईला लांबून वाचता येणारे तेवढेच दोन शब्द. गाडी गावात शिरली की तिची मान ताठ व्हायची. आज मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती बंपरवर चढली आणि हातातल्या खुरप्यानं दुसरा शब्द पार खरवडून काढला.

"माझं नाव लावून लोकांच्या लेकी मारू नकोस, मुडद्या! उतरा गं सगळ्या. एसटी येईस्तोवर मीबी थांबते तुमच्यासंगं."

बायका गुमान उतरल्या. नवनाथ एकट्या उरलेल्या 'आईचा'कडं बघत राहिला.

"म्होरं काय लिहायचं, ते आता तुझ्या वागण्यावर हाय," म्हणत ठकूबाईनं सुमनची पोर आपल्या कडेवर घेतली.