गुलाबाचं काम

अध्यक्षबाईंनी तो पोशाख दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलला. गोणपाटाचा झगा, त्याला तारेचे काटे, मधेमधे लाल मणी.

"हे काय?"

"बोराटी," मुलगी म्हणाली. "आई, काटे मी केलेत. एक सरळ, एक वाकडा, अशी जोडी असते. खऱ्या बोराटीला असतात ना, तसे."

"तुला विचारलं नाही मी."

विचारलं होतं नाटकाच्या बाईंना. त्या वर्गाच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची पानं रंगवून वाळत घालत होत्या. शाळेमागचा माळ सपाट करून तिथं हिरवळ करायचा संस्थेचा बेत होता. माळावरची झाडंझुडपं वाचावीत म्हणून पाचवीच्या मुलांनी नाटक बसवलं होतं आणि शनिवारी ते संस्थेच्या लोकांपुढे व्हायचं होतं.

"अहो बाई, बाकीच्यांच्या मुली पानंफुलं, आणि माझी छकुली काटेरी झुडूप? पालक समितीची अध्यक्ष आहे मी. लोक काय म्हणतील? आत्ताच वर्गातली पोरं तिला बोराटी म्हणून हाका मारतात!"

"मला आवडतं," मुलगी पुटपुटली.

"नाटकातलं सगळ्यात मोठं काम आहे ते," बाई म्हणाल्या.

"मोठं असेल हो. पण शोभायला नको? तिला गुलाब करा. पोशाख मी शिवून घेते."

नाटक इथल्या रानातल्या झाडांचं आहे, त्यात गुलाब कुठून आणू, असं बाई म्हणणार होत्या. पण त्यांनी अध्यक्षबाईंकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंडातलं वाक्य गिळलं. हिला काय सांगायचं? हिच्या डोक्यात कुंडीबाहेरचं काही उगवलंच नसणार.

"करू की," त्या गोड हसून म्हणाल्या. "गुलाबाला चार वाक्यंही देते. लोकांच्या लक्षात राहतील अशी."

अध्यक्षबाई खूश झाल्या. मुलीनं झग्याची घडी घालायला घेतली. काटे एकमेकांत अडकत होते. ती एकेक सोडवत बसली.

ती चार वाक्यं बाईंनी त्याच संध्याकाळी लिहिली. लिहिताना त्यांना स्वतःलाच हसू फुटत होतं.

शनिवारी सभागृह भरलं. बोराटीचं काम ऐन वेळी दुसऱ्या मुलीच्या गळ्यात पडलं होतं. ती दर दोन वाक्यांनी अडत होती. अडली की विंगेतून गुलाबच तिला पुढचं सांगत होता. त्याला सगळं पाठ होतं.

मग गुलाबाची पाळी आली. झालरींचा घेर एवढा होता, की मुलीला तिरकं होऊन रंगमंचावर यावं लागलं.

"मी गुलाब! मला उन्हात घाम येतो नि सावलीत सर्दी होते."

लोक हसले.

"मला रोज पाणी लागतं, खत लागतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं केलेलं कौतुक लागतं."

मागच्या रांगांमधून खसखस पिकली. कुणीतरी कुणाला तरी कोपरानं ढोसलं. माना हळूहळू पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथं अध्यक्षबाई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या.

"मी जिथं जाईन तिथं बाकीच्यांना उपटून मला जागा करून द्यावी लागते."

"मला येत काहीच नाही. पण मी दिसते किती छान!"

मुलीनं शिकवल्याप्रमाणे गिरकी घेतली. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. विंगेत बाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. मुलगी हसू थांबायची वाट बघत उभी राहिली. रंग लावलेल्या चेहऱ्यावरही ती लाल झालेली दिसत होती.

त्यानंतर बोराटीनं सांगितलं, की तिच्या मुळांनी माळाची माती धरून ठेवली आहे, आणि तिच्या काट्यांच्या आडोशाला पाखरं पिल्लं वाढवतात. ते कुणाला ऐकू गेलं नाही. लोक अजून हसतच होते.

पडदा पडल्यावर संस्थेचे चेअरमन स्वतः आत आले.

"बाई, मजा आली! तो गुलाब म्हणजे कहर. माळावर सोमवारी यंत्रं येतायत, मी आत्ताच म्हटलं, हिरवळीच्या मधोमध गुलाबाचा ताटवा करून टाकू."

"पण सर, आमचं नाटक तर..."

"छानच होतं हो नाटक," ते म्हणाले आणि निघालेसुद्धा.

त्यांच्या पाठोपाठ अध्यक्षबाई आल्या. "बघा, म्हटलं नव्हतं मी? सगळ्यात जास्त टाळ्या कुणाला पडल्या? छकुले, मी गाडी काढते, ये पटकन."

खोलीत बाई आणि मुलगी उरल्या. मुलगी आरशासमोर बसून ओल्या फडक्यानं गाल पुसत होती. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"छान केलंस हं."

"बाई, लोक आईला हसत होते ना?"

"नाही गं. नाटकाला हसत होते."

"आईला कळलं नाही," मुलगी म्हणाली. "मला तालमीतच कळलं होतं."

बाईंचा हात तिच्या पाठीवरच राहिला. काढावा की ठेवावा, त्यांना सुचेना.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

मुलीनं फडकं पिळलं. लाल पाणी भांड्यात पडलं.

"मला वाटलं, शनिवारपर्यंत तुम्हीच ती वाक्यं काढून टाकाल."