तिसरी हाक

थान बोवन छपरावर उभा होता. हातात वडिलांचा निळा अंगरखा होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

खाली अंगणातून त्याची बायको रडवेली होऊन ओरडली, "अहो, हाक मारा ना! लांब जातील ते!"

म्हाताऱ्याचा श्वास नुकताच थांबला होता. आमच्याकडची रीत अशी, की श्वास थांबला म्हणून लगेच रडायला बसायचं नाही. आधी मुलाने गेलेल्याचा अंगरखा घेऊन कौलांवर चढायचं, उत्तरेकडे तोंड करायचं आणि नाव घेऊन तीन हाका मारायच्या. परत या म्हणायचं. प्राण अजून उंबऱ्याशीच घोटाळत असतो; आपलं नाव ऐकून वळला तर वळला. नुसतं 'बाबा' म्हणून चालत नाही. बाबा काय, घरोघरी असतात. नावच लागतं.

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. बोवन गावचा मास्तर, कन्फ्यूशियसच्या शिकवणीत मुरलेला. वडिलांचं नाव मुलाने उच्चारायचं नाही, लिहायचंही नाही, ही त्यातली अगदी साधी गोष्ट. म्हाताऱ्याचं नाव थान युनशान. शान म्हणजे डोंगर. तर हा पठ्ठ्या डोंगरालाही डोंगर म्हणत नसे! एवढा डोंगर गावाच्या उरावर बसलेला, आणि मास्तर पोरांना सांगायचा, "त्या उंचावर ढग आलेत, घरी पळा." पोरं फिदीफिदी हसायची.

त्याच डोंगरावर यान राहायचा. ताओ मानणारा बैरागी, युनशानचा लहानपणापासूनचा दोस्त. मास्तर म्हणायचा, माणूस नात्यांनी घडतो, ती नीट पाळावीत. यान म्हणायचा, पाणी वाहतं तसं वाहावं, कशाला धरून बसू नये. दोघांची रोज जुंपायची आणि युनशान मध्ये बसून भुईमुगाच्या शेंगा सोलायचा. "दिवसभर हा मला बाप करून ठेवतो," तो म्हणायचा, "आणि संध्याकाळी यान आला की मी पोर होतो. मला दोन्ही लागतं रे, भांडू नका."

या हिवाळ्यात म्हातारा अंथरुणाला खिळला. बोवनने काय सेवा केली म्हणून सांगू! प्रत्येक काढा आधी स्वतः चाखला, मग पाजला. कुशीवर वळवलं, पाय चोळले, घाण काढली. दुखणं मात्र हटेना. म्हातारा कण्हत पडायचा. परवा यानने बोवनला बाजूला घेतलं.

"मास्तर, माणूस थकलाय रे. जाऊ दे त्याला. किती काढे ओतशील?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला, काका? ना बायको, ना पोर. तुमचं कोण मरतंय?"

यान ओसरीवर जाऊन बसला, तो तिथून हललाच नाही.

आणि आता मास्तर छपरावर थिजून उभा. ओठ नुसते हलत होते. उभ्या जन्मात जे नाव जिभेवर आलं नाही, ते आता येणार कुठून? ज्या शास्त्राने सांगितलं नाव घेऊ नकोस, तेच सांगत होतं नाव घेऊन बोलाव. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि वेळ चालला होता.

तेवढ्यात शिडी करकरली. यान वर येत होता. सत्तरी उलटलेला माणूस, कौलं निसरडी, खाली बायका ओरडतायत, "अहो काका, पडाल!" तो वर आला, बोवनच्या हातातला अंगरखा हिसकून घेतला, उत्तरेकडे फडकवला आणि सगळा जीव एकवटून ओरडला.

"युनशान! ये रे मागं!"

अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हाच का तो माणूस? कुणी गेलं की 'ओढा नदीला मिळाला' म्हणून हसणारा?

"युनशान! अरे गाढवा, फिर मागं! मला एकट्याला टाकून कुठं निघालास?"

दुसऱ्या हाकेला त्याचा आवाज फाटला. तो कौलांवरच बसला आणि अंगरख्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागला.

ते नाव बोवनने असं कधी ऐकलंच नव्हतं. गाव अदबीने थानआजोबा म्हणायचं, आणि मास्तरचा मान राखून यानही त्याच्यासमोर 'म्हाताऱ्या' एवढंच म्हणायचा. हे नाव एका पोराचं होतं. म्हशींमागे अनवाणी धावणाऱ्या, ओढ्यात उड्या टाकणाऱ्या पोराचं. त्याला मुलगा नव्हता, वय नव्हतं, दुखणं नव्हतं. इतकी वर्षं तो आपल्याच घरात राहत होता आणि आपण त्याला कधी भेटलोच नाही! बोवनला मघाचा चेहरा आठवला. श्वास थांबला तेव्हा म्हाताऱ्याच्या कपाळावरची हिवाळाभराची आठी सुटली होती.

एक हाक उरली होती. ती मुलाचीच. खाली सगळ्यांनी माना वर केल्या. बोवनने यानच्या मुठीतून अंगरखा हळूच सोडवून घेतला, ताठ उभा राहिला आणि छाती भरून श्वास घेतला.

"युनशान!" जन्मात पहिल्यांदा त्याने वडिलांचं नाव घेतलं. आणि जेवून निघालेल्या पाहुण्याला दारातून म्हणतात तसं म्हणाला, "सावकाश जा."