रिकाम्या गाडीचं वजन

बॅग छातीशी कवटाळून वडील वजनाच्या यंत्रावर उभे राहिले. काटा दोनदा डुलला आणि थांबला. बॅग नुसती ठेवली तर तिच्याखाली आकडे झाकून जात, म्हणून ही युक्ती.

"सत्त्याण्णव," आईने वाकून वाचलं.

"त्यातून माझे अडुसष्ट गेले. एकोणतीस." वडील खाली उतरले. "सहा किलो जादा."

विमानाला तेवीस चालणार होते. परवा सकाळी मुलगी दोन वर्षांसाठी परदेशी निघणार होती, तंतुवाद्यं घडवायला शिकायला. वडिलांची तीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर गेलेली. भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, फरक तेवढा माल. जादा माल घेऊन त्यांच्या काट्यावरून एकही गाडी सुटली नव्हती. घरची तरी सुटेल, अशी आशा कुणी धरली नाही.

"मी मोजूनमापून भरलंय, बाबा," मुलगी म्हणाली. "चार शर्ट, दोन पँटी, एक स्वेटर. याहून कमी कपड्यांत माणूस फक्त जन्माला येतो."

"काटा खोटं बोलत नाही."

"मग रजई काढते."

"रजईला हात लावून तर बघ," आई म्हणाली. "तिकडची थंडी तुझ्या स्वेटरला विचारून पडणार नाही. आधी तो दगड काढ. परदेशी जायचं ते दगड घेऊन. तिकडे काय दगड नाहीत?"

"धार लावायचा आहे तो."

"असेल. दगडच ना?"

दगड एकटा नव्हता. जाड कापडाच्या गुंडाळीत आठ पटाश्या होत्या, दोन छोटे रंधे, एक हातोडी. मुलीच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणापासून पुरती वळत नसे, त्यामुळे बाजारातल्या मुठी तिच्या हातात फिरत. म्हणून सगळ्या मुठी तिने स्वतःच्या तळव्याच्या मापाने तासून बसवलेल्या. दगडासकट सगळं मिळून बरोबर सहा किलो. आईने तर्जनी गुंडाळीकडे रोखून ठेवली.

"तिकडे मिळतात की हत्यारं," वडील म्हणाले, आणि शर्ट पोटावरून खाली ओढला.

"हत्यारं मिळतात. हात मिळत नाही."

ती जमिनीवर बसली. आधी दगड बाहेर आला. मग रंधे. मग पटाश्या, मोठीपासून एकेक, फरशीवर ओळीने. वडील खिडकीबाहेर बघत होते. पाचवी पटाशी फरशीवर वाजली तेव्हा ते म्हणाले, "रजई जरा पातळ असती तर..."

"अहो, काटा खोटं बोलत नाही म्हणालं कोण?"

वडील पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, समोरच्या घराची भिंत होती.

सहाव्या पटाशीला मुलीचा हात थबकला.

"बॅग चार," ती बोटांवर मोजू लागली. "कपडे तीन. रजई तीन. बूट आणि पुस्तकं सात. हत्यारं सहा. एकूणएक वस्तू मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललीय. तेवीसच होतात. मग एकोणतीस आले कुठून?"

"सुटं सुटं तोललं की असंच होतं," वडील म्हणाले. "थोडं थोडं सांडतं."

"सहा किलो सांडतं?"

"मोठ्या मालात सांडतं."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. "बाबा, रिकामी गाडी काट्यावर घेतली होती का?"

"रिकामीचं वजन पाठ आहे मला."

बोलून गेले आणि त्यांची जीभ दातांखाली आली. हेच वाक्य रोज कुणी ना कुणी ड्रायव्हर खिडकीतून त्यांना ऐकवी, आणि मान वर न करता ते उत्तर देत. ते उत्तर घरात तिघांनाही तोंडपाठ होतं.

"पाठांतर शाळेत," मुलगी म्हणाली. "इथे गाडी लावा."

आई हळूच कॉटवर बसली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी वडिलांना वजन उतरवायला सांगितलं, तेव्हापासून दर रविवारी ते न्हाणीघरात यंत्र नेत, आतून कडी लावत आणि आतूनच ओरडत, "अडुसष्ट." वर्षभरात हा आकडा एकदाही हलला नव्हता. अशी स्थिरता डोंगरात असते, माणसात नसते. पण आईने ती पथ्याच्या नावावर जमा धरली होती.

"जाऊ दे ना," वडील म्हणाले. "रजई राहू दे, हत्यारं राहू दे, मी विमानतळावर त्या लोकांशी बोलतो."

फरशीवर ओळीने पडलेल्या मुठींकडे त्यांनी पाहिलं. सहावी अजून मुलीच्या हातात होती. न वळणारी करंगळी मुठीच्या खोबणीत चपखल बसलेली. वडिलांनी चपला काढल्या. चष्मा काढला. खिशातून किल्ल्या काढल्या.

"किल्ल्या असू देत," आई म्हणाली. "त्यांनी काही बिघडायचं नाही."

ते यंत्रावर चढले. काटा या वेळी डुललासुद्धा नाही. ओळखीच्या घरी जावं तसा सरळ चौऱ्याहत्तरवर गेला.

"सत्त्याण्णवातून चौऱ्याहत्तर," मुलगी म्हणाली आणि दगड उचलला. दगड, रंधे, पटाश्या, हातोडी, सगळं दोन मिनिटांत आत गेलं. चेन सुरकन लागली. बॅगेवर हात ठेवून ती एकटीच हसत बसली.

आई मात्र यंत्राकडेच बघत होती. "सहा किलो," ती म्हणाली. "वर्षभर तुमच्या ताटात मी चमच्याने मोजून वाढते. हे चढले कुठून?"

वडील अजून खाली उतरले नव्हते.

"हिच्या ताटात रोज उरतं ना, ते," ते म्हणाले. "काळजी करू नकोस. परवापासून उतरतील."