काटेरी ओंजळ

मत्स्यालयाच्या साहेबांनी फोटोसाठी काटेरी मासा जाळीने पाण्याबाहेर उचलला. हा मासा घाबरला की पाणी गिळून अंग फुगवतो; बाहेर मात्र तो पाण्याऐवजी हवा गिळून टम्म फुगला. टाकीत सोडल्यावर उताणा तरंगू लागला. "गेला बिचारा," साहेब म्हणाले. "पेंढा भरून काचेच्या कपाटात ठेवू. त्याच्या खापरपणजोबाचा जीवाश्म आहेच, शेजारी शोभेल." "कल्ले हलतायत, साहेब. देवाने अजून नेलं नाही, आपण कशाला घाई करायची?" टाक्या धुणारी बाई हळूच म्हणाली. बाह्या सरसावून, हवा बाहेर पडावी म्हणून तिने माशाला पाण्यातच तोंड वर करून ओंजळीत धरलं. काटे तळव्यांत रुतले. "ताई, सोडा! हाताची चाळण होईल," पहारेकरी म्हणाला. "किती वेळ धरणार?" साहेबांनी विचारलं. "त्याची भीती जाईपर्यंत." माशाच्या तोंडातून बुडबुडा सुटला. "जगला!" पहारेकरी ओरडला. "हळू बोला, दादा. परत घाबरेल." रक्ताळलेले हात पाण्यात तसेच राहिले.